एका वाक्याची प्रार्थना

१२ जानेवारी

ताई,

तुझा निळा स्वेटर अजून आपल्या कपाटात आहे. तो पाठवायचा का, असं आईने विचारायला सांगितलं आहे. म्हणून हे पत्र.

इथे सगळं ठीक. बाबांनी डिसेंबरअखेर चष्म्याच्या दुकानातलं काम सोडलं. भिंगं घासायला आता यंत्र आलं आहे, आणि यंत्राला मध्येच चहा लागत नाही, असं ते म्हणतात. पण चाळीस वर्षांची सवय कुठे जाते? परवा आईने त्यांना दोन वाट्यांतून सूप चाखायला दिलं, एकात मीठ जरा जास्त. बाबांनी एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हे बरं दिसतं, की हे?" आई म्हणाली, "दिसायचं कुणी विचारलंय, प्या."

मला नोकरी लागून आठ महिने झाले. बियाणं तपासायची प्रयोगशाळा आहे. विक्रीला जाण्याआधी पोत्यांमधलं थोडं थोडं बी आमच्याकडे येतं. ते निवडायचं, मोजायचं, ओल्या कागदात गुंडाळून किती उगवतं ते पाहायचं. माझ्यासारखीसाठी बेतल्यासारखं काम आहे. इथे एखादी गोष्ट दोनदा मोजली तर कुणी हसत नाही, असं निदान मला वाटलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळबद्दल मी तुला तीन पत्रं लिहिली होती. तू उत्तर दिलं नाहीस, ते मी समजू शकते. पुन्हा तेच उगाळत नाही. एवढंच म्हणते, की ते वाक्य माझ्या तोंडातून निघून गेलं. मला तसं करायचं नव्हतं.

स्वेटरचं कळव.

तुझी
दोनदा

२ फेब्रुवारी

ताई,

स्वेटरचं आईने विचारलं नव्हतं. पत्र पेटीत टाकल्यापासून हे मला टोचतंय. तिने फक्त कपाट आवरताना तो उन्हात घातला, झटकला आणि पुन्हा घडी करून ठेवला. बोलली काहीच नाही. पुढचं मी जोडलं.

हे सांगायचं होतंच, पण आज लिहायला बसले ते प्रयोगशाळेत जे झालं त्यामुळे.

उगवण तपासायची आमची रीत अशी. जाड ओल्या कागदावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, वर दुसरा ओला कागद, मग त्याची सैल गुंडाळी करून ठराविक उबेच्या कपाटात उभी ठेवायची. अशा चार गुंडाळ्या. पाचव्या दिवशी उघडून पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मध्ये हात लावायचा नाही.

मी रोज उघडल्या. पहिल्या दिवशी पाणी कमी पडलं का ते बघायला. दुसऱ्या दिवशी जास्त झालं का ते बघायला. तिसऱ्या दिवशी, दोन दिवस उघडल्यामुळे काही बिघडलं का ते बघायला. आठव्या दिवशी माझ्या चारशेपैकी एकशे साठ उगवल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने त्याच पोत्यातल्या लावल्या होत्या, तिच्या साडेतीनशेच्या वर.

आमच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. साठीच्या आसपास, आखूड केस, आणि चष्म्याच्या काचांवर इतके ओरखडे की बाबांचा जीव खालीवर झाला असता. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"कागद कोरडे कसे पडले?"

"मी उघडून बघत होते."

"किती वेळा?"

"रोज. एक दिवस दोनदा."

"कशासाठी?"

"काही चुकत असलं तर वेळेत कळावं म्हणून."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरी, तीस वर्षं झाली मला इथे. बुरशीने मेलेलं बी पाहिलं, उंदरांनी खाल्लेलं पाहिलं. काळजीने मारलेलं पहिल्यांदाच बघतेय."

मला रडूच आलं.

"आता डोळ्यांतून पाणी काढून काय उपयोग," त्या म्हणाल्या, "ते तेव्हा कागदावर घालायचं होतंस."

मग त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "तू विचार करतेस असं तुला वाटतं. तू दळण दळतेस. पीठ झालेलं पुन्हा आत टाकतेस आणि पुन्हा दळतेस. विचार केला की माणूस निदान एक पाऊल तरी पुढे जातो. उद्यापासून प्रत्येक गोष्ट एकदाच बघायची. सावकाश. पेन्सिलीने लिहायची आणि मागे फिरायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"चुकेल की. चारदा घाईघाईने बघतेस तेव्हा चुकत नाही का? एकदा थांबून बघणं अवघड जातं तुला, म्हणून तू चारदा बघतेस."

परत येताना बसमध्ये तुझी फार आठवण आली. का, ते आज लिहीत नाही. मलाच अजून नीट कळलेलं नाही.

दोनदा

२३ फेब्रुवारी

ताई,

पाळकसाहेबांनी रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं ते वचन घेतलं, मन नवं होण्याचं. तुला माहीत आहे कुठलं. लहानपणापासून ते ऐकलं की मला घासणी आठवायची. माझं मन म्हणजे बुडाला करपलेलं पातेलं, आणि मी ते घासत बसले आहे. या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं की त्यात घासण्याचा उल्लेखच नाही. घासलेलं पातेलं जुनंच राहतं, फक्त चरे पडतात. नवं होणं म्हणजे काहीतरी वेगळं असणार, आणि त्याला वेळ लागत असणार.

म्हणून मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर एकच प्रश्न: त्या संध्याकाळी काय झालं? कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि त्याखाली एक वाक्य लिहिते. दुसऱ्या दिवशी ते वाचते. खरं असेल तर राहू देते, नसेल तर खोडते. वेळ किती द्यायचा, तर बटाटे शिजेपर्यंत. नाहीतर मी दळायला लागते, हे आता माझं मला कळतं.

तेच टेबल आहे, जिथे आईने आपल्या दोघींना शिकवलं. दहा वर्षांची होईपर्यंत मला शाळा म्हणजे हेच टेबल वाटायचं. आई म्हणायची, प्रश्न दोनदा वाच. मी उत्तरही दोनदा लिहायचे. बेरीज खालून वर आणि वरून खाली. तू म्हणाली होतीस, "हिचं नाव बदला. दोनदा म्हणा हिला." बाबा हसले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

वहीत जे राहिलं आहे, ते क्रमाने लिहिते. चुकलं तर सांग.

आपण दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. चिमटा दातात धरून तू म्हणालीस, "गेले सहा महिने मी प्रार्थनेत नुसते ओठ हलवते."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे समोर कुणी ऐकतंय की नाही, तेच कळेनासं झालंय."

"मग आता?"

"मग काही नाही. विचार करतेय. कुठे पळून जात नाहीये मी. वेळ लागेल मला. तू फक्त कुणाला बोलू नकोस."

मी हो म्हटलं. तू चिमटा दातातून काढून बाबांच्या शर्टाला लावलास. इतकंच झालं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, रोजच्यासारखी जेवणाआधीची प्रार्थना. आधी बाबा, मग आई, मग तू, मग मी. डोळे मिटलेले. आपल्या घरी दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. माझी वेळ आली आणि मी म्हटलं, "प्रभू, ताईला पुन्हा प्रार्थना करता येऊ दे."

बाबा आमेन म्हणाले नाहीत. आईने डोळे न उघडता विचारलं, "पुन्हा म्हणजे काय?"

पुढचे तीन आठवडे तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. आईचं रडणं. पाळकसाहेबांच्या चकरा. जो येईल तो तुझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने मागणं मागायचा. मावशी म्हणाली, "मुलींना जास्त शिकवलं की असं होतं," आणि वर तिसरा कप चहा मागितला. कुणीतरी रोज सकाळी तुझ्या चेहऱ्याकडे बघून विचारायचं, "आज कसं वाटतंय?" त्या कुणीतरीत मीही होते. बाविसाव्या दिवशी तू त्या पुलांच्या कंपनीतली नकाशे काढायची नोकरी पत्करलीस आणि दोन बॅगा घेऊन गेलीस. स्वेटर राहिला.

तू विचार करत होतीस, ताई. आणि आम्ही तुला रोज उघडून बघत होतो.

बसमध्ये आठवण आली ती याची.

दोनदा

१६ मार्च

ताई,

वहीतलं एक वाक्य मागच्या आठवड्यात खोडलं. 'ते माझ्या तोंडातून निघून गेलं.' तीन आठवडे ते पानावर होतं. रोज वाचायचे आणि राहू द्यायचे. रोज वाचताना नजर त्यावरून जरा भरभर जायची, हे लक्षात आलं तेव्हा थांबले.

ते निघून गेलं नव्हतं. मी ते तयार केलं होतं.

त्या दिवशी दुपारी, अंकगणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, मी ते सहा प्रकारे लिहून पाहिलं. 'ताईला विश्वास दे' हे फार उघड वाटलं. 'ताईला मदत कर' म्हटलं तर कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं. मला हवं होतं की त्यांना कळावं, पण मी सांगितलं असं होऊ नये. उद्या तू जाब विचारलास, तर 'मी कुणाला काही बोलले नाही, मी फक्त प्रार्थना केली' असं म्हणता यावं. 'पुन्हा' हा शब्द मी दोनदा विचार करून ठेवला. आणि जागा अशी निवडली की जिथे तू डोळे मिटून बसलेली असशील आणि मला अडवू शकणार नाहीस. मी देवाशी बोलत नव्हतेच. मी देवाच्या आडून आई-बाबांशी बोलत होते.

का केलं, हे लिहायला आणखी एक आठवडा गेला. 'तुझ्यावरच्या प्रेमापोटी' असं लिहिलं होतं. ते पूर्ण खोटं नाही, म्हणून खोडलं नाही. पण त्याखाली हे आलं: गच्चीवर तू बोललीस त्या संध्याकाळी माझी प्रार्थनेची वेळ आली आणि मलाही समोर कुणी असल्यासारखं वाटलं नाही. दोन-तीन श्वासांइतका वेळ. मी इतकी घाबरले की रोजची वाक्यं धडाधड म्हणून टाकली. मग चार दिवस मला वाटत राहिलं, ही माझ्या शेजारी बसून हा प्रश्न विचारत राहिली तर माझंही सगळं जाईल. तुला गप्प केलं असतं तर मीही वाचले असते.

हे लिहिताना छाती फुटेल असं वाटलं होतं. बटाटे उकळत होते. काही फुटलं नाही. मी उठून गॅस बंद केला.

तुझा तो प्रश्न आता माझ्यासमोर बसून असतो. मी त्याला हाकलत नाही. रोज थोडा वेळ त्याच्याकडे बघते, सावकाश, एकदाच. समोर कुणी आहे का? मला वाटतं, आहे. पूर्वी मी हे भीतीने म्हणायचे आणि मोठ्याने म्हणायचे. आता आवाज लहान असतो, पण तो माझा असतो. बाकीचं मला अजून माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून काही देव मला घराबाहेर काढणार नाही, एवढं कळायला मला चार वर्षं लागली.

आई-बाबांना काल सगळं सांगितलं. सहा प्रकारे लिहिलेलं तेसुद्धा. आई उठून सिंककडे गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. बाबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "तू एक वाक्य बोललीस. पुढचे तीन आठवडे आम्ही बोललो. तुझं तेवढंच उचल, आमचं उचलू नकोस."

आईने पाठमोरीच विचारलं, "तिला लिहिलंस?"

"लिहिणार आहे."

"लिही. आणि काही जोडू नकोस." म्हणजे स्वेटरचंही तिला माहीत होतं.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. तू गेल्यापासून बाबा प्रार्थनेत तुझी वेळ गाळत नाहीत. आईचं झालं की थांबतात. तू जेवढा वेळ घ्यायचीस साधारण तेवढा. मग मी. पहिली तीन-साडेतीन वर्षं त्या शांततेत मी मनातल्या मनात सारखी विनवण्या करायचे, तिला परत आण, मला क्षमा कर, तिला परत आण. अलीकडे नुसती बसते. तेव्हा पहिल्यांदा ती शांतता ऐकू आली.

जानेवारीच्या आधीच्या त्या तीन पत्रांत मी क्षमा मागितली होती, आणि तिन्हींत ते खोटं वाक्य होतं. ती फाडून टाक. हे एक ठेव, वाटलं तर. उत्तराची घाई नाही. खरंच नाही. मी टपालाची पेटी दिवसातून एकदाच बघते.

दोनदा

६ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. एकदाच बघणार होते पेटी, तर त्याच वेळी ते आत होतं.

पुलाचं चित्र बाबांनी भिंगाखाली धरून पाहिलं. म्हणाले, "या खांबाची सावली बरोबर पडलीय. हिनेच काढलं असणार." खाली कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव छापलेलं आहे, ते आम्ही त्यांना दाखवलं नाही.

तू विचारलंस, शनिवारी आलीस तर जेवणाआधी प्रार्थना असेल का, आणि तुझी वेळ आली की काय करायचं.

मी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "प्रार्थना असेल. तिच्या वेळेला तिने काही करायचं नाही. आम्हाला थांबायची सवय झालीय, सांग तिला."

आई म्हणाली, "आणि हेही सांग, मावशीला बोलावलेलं नाही."

बाईंकडे सुट्टी मागितली. त्यांनी विचारलं, "गुंडाळ्या?"

"सोमवारी उघडायच्या आहेत."

"मध्ये हात?"

"नाही लावलेला."

"मग जा."

स्टेशनवर यायचं का? तू नको म्हणालीस तर येणार नाही, घरीच बटाटे सोलत बसेन. हा प्रश्न एकदाच विचारते आहे, याची नोंद घे.

दोनदा

२४ एप्रिल

ताई,

तू पोचल्याचं कळलं. स्वेटर तू पुन्हा कपाटातच ठेवून गेलीस, घडी मात्र तुझ्या पद्धतीची, बाह्या आत. आईने कपाट उघडून पाहिलं, बंद केलं. मी तिला काही जोडून सांगितलं नाही.

गच्चीवर आपण बोललो ते लिहीत नाही. ते तुझ्याजवळ आहे आणि माझ्याजवळ आहे. 'अजून राग आहे, पण आता तो जुना झालाय' असं तू म्हणालीस, तेवढंच वहीत लिहिलं, कारण ते खरं होतं आणि मला ते राहू द्यायचं होतं.

पण शनिवारची संध्याकाळ लिहून ठेवते. तू तिथे होतीस, तरी डोळे तुझेही मिटलेले होते, म्हणून माझ्या बाजूने काय ऐकू आलं ते सांगते.

बाबांचं झालं. आईचं झालं, तिचा आवाज शेवटी जरा घसरला. मग तुझी वेळ. चार वर्षं त्या जागी मी फ्रिजची घरघर ऐकत आले आहे. शनिवारी घरघर होती आणि शिवाय तुझा श्वास होता. आईची खुर्ची करकरली. मी मनात काहीही मागितलं नाही. अगदी तोंडापर्यंत आलं होतं, ताई, खोटं नाही सांगत. पण मी ते मागितलं नाही, नुसती ऐकत बसले. बाबा थांबले, नेहमीपेक्षा जास्तच थांबले. बराच वेळ गेला आणि तू म्हणालीस, "बाबा, पुढे."

रोजच्या आवाजात. मीठ इकडे द्या म्हणावं तसं. आईला उचकी लागली, ती उचकी नव्हती हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मग माझी वेळ आली.

आपल्या घरी प्रार्थनेच्या मध्ये आजवर कुणी कुणाला प्रश्न विचारलेला नाही. मला भीती वाटली की बाबांना आवडणार नाही. तरी विचारलं, "ताई, तुझं नाव घेऊ का?"

तू लगेच बोलली नाहीस. मी डोळे उघडले नाहीत. चार वर्षांपूर्वी विचारायचा होता तो प्रश्न मी तिथे टेबलावर ठेवला होता, आणि आता तो तुझा होता. नाही म्हणाली असतीस तरी मला चाललं असतं, हे त्या वेळी मला पक्कं कळलं. आणि माझ्या त्या छोट्या आवाजासमोर कुणीतरी आहे, हेही कळलं. तोही थांबलेला होता, आपल्यासारखाच, घाई न करता.

"घे," तू म्हणालीस. "पण नुसतं नाव."

मी नुसतं नाव घेतलं. पुढे काही लावलं नाही, मागे काही लावलं नाही.

एकदाच.

तुझी
दोनदा